निर्गुडीची सुकवणी

माझा उजवा गुडघा पहिल्यांदा दुखला तो एसटीच्या पायरीवर. मी तलासरीच्या एका शाळेत भूगोल शिकवते आणि राहते डहाणूला, त्यामुळे ती पायरी रोजचीच. एके सकाळी चढताना गुडघ्यात अशी कळ आली की मी दांड्याला धरून तिथेच उभी राहिले. मागून कंडक्टर म्हणाला, "मावशी, सावकाश. घाई नाही." कळ विसरले, 'मावशी' तेवढं लक्षात राहिलं. कालपर्यंत तो मला मॅडम म्हणत होता.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला कासा गावच्या एका वैद्यांकडे नेलं. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, पाय वाकवून पाहिला आणि दोन गोष्टी सांगितल्या. वजन कमी करा, आणि निर्गुडीचं तेल लावा. यातली दुसरी गोष्ट मी फार मनावर घेतली.

"पाला कुठे मिळेल?" मी विचारलं.

"विकत कशाला घेता? घरीच लावा की. फांदी खोचली तरी जगते. फक्त सुकवताना सावलीत सुकवा. उन्हात टाकलात तर वास उडून जातो, मग तो नुसता कचरा."

कचरा हा शब्द माझ्यासमोर कुणी काढू नये. मी टूथपेस्टची ट्यूब कात्रीने कापून आतलं पुसून घेणारी बाई आहे. कोथिंबिरीच्या देठांची चटणी, कलिंगडाच्या सालीची भाजी, फाटलेल्या उशीच्या अभ्र्याची पिशवी, असं सगळं आमच्या घरात चालतं. आमचे हे रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा मी त्यांच्या जुन्या गणवेशाची पायपुसणी शिवली. त्यांना ते आवडलं नव्हतं. नोकरीत सगळ्यांनी मान दिला, म्हणाले, आणि घरी आल्यावर त्याच्यावर पाय पुसतात.

तर विज्ञानाच्या बाईंच्या बांधावरून तीन फांद्या आणल्या आणि मागच्या कुंपणाशी खोचल्या. यांनी त्याच जागेजवळ चिकूचं कलम लावलं होतं, त्याला खत, पाणी, आळं, सगळे लाड. निर्गुडीला मी काही केलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ती माझ्या डोक्याच्या वर गेली आणि कलम तिच्या सावलीत रुसून बसलं. प्रत्येक देठाला हाताच्या बोटांसारखी पाच लांबट पानं, वरून हिरवी, खालून पांढुरकी. चुरडली की नाकात शिरणारा उग्र वास. मला तो औषधी वाटायचा. यांना तो फिनेलसारखा वाटायचा.

पहिली तोडणी मी ऐन पावसात केली. झाड एवढं भरलेलं पाहून राहवेना. ओला पाला तसाच पोत्यात भरला आणि पलंगाखाली सरकवला, कारण वैद्यांनी सावली सांगितली होती आणि पलंगाखाली सावलीच असते. आठवड्याभरात खोलीला असा वास सुटला की यांनी आधी उंदीर शोधला. पोतं उघडलं तर आत काळा, चिकट, गरम लगदा. मी नाकाला पदर लावून सगळा लगदा चिवडला, एखादं तरी पान वाचलंय का बघायला. एकही वाचलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी उन्हाळा होता. म्हटलं, सावलीच हवी हे खरं, पण थोडं ऊन लागलं तर काय होतंय? गच्चीवर जुनी साडी अंथरली, तिच्यावर पाला पसरला आणि पेपर तपासायला बसले. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला. आमच्या शेजारी एक गुजराती कुटुंब आहे. तिथल्या बेन आणि मी पंचवीस वर्षांपासूनच्या शेजारणी, भाषा अर्धी त्यांची, अर्धी माझी. त्या दिवशी त्यांनीही गच्चीवर पापड घातले होते. थोड्या वेळाने कठड्यावरून हाक आली.

"टीचर! तुमचा पाला माझ्या पापडमां आवी गयो!"

जाऊन पाहिलं तर प्रत्येक पापडाला दोन-तीन पानं चिकटलेली. एखाद्या लग्नात नक्षी काढावी तशी. मी एकेक पान सोडवून पिशवीत भरू लागले. बेन कमरेवर हात ठेवून बघत होत्या. मी पापड वाचवतेय असं त्यांना वाटलं. मी पानं वाचवत होते.

दोन तोडण्या फुकट गेल्यावर मी चिडले आणि अभ्यासाला लागले. मोबाईलवर औषधी झाडांचे व्हिडिओ पाहिले. तोडणी सकाळी दव उडाल्यावर करायची. पानं आधीच खुडायची नाहीत, फांदीसकट तोडायची. छोट्या जुड्या करून उलट्या टांगायच्या. खोलीत अंधार हवा आणि हवा खेळती हवी, पण पंख्याचा झोत थेट पाल्यावर नको. फांदी कटकन मोडली की पाला तयार. मग काचेच्या बरण्या, आणि सुरुवातीला रोज झाकण उघडून आतला ओलावा जाऊ द्यायचा. हे सगळं मी वाचून दाखवलं तेव्हा हे म्हणाले, "आपल्या मुलीच्या बाळंतपणातसुद्धा एवढं केलं नव्हतंस."

टांगायची कल्पना मात्र मला व्हिडिओच्या आधीच सुचायला हवी होती. चिंचणीला वाटेवर बोंबील दांड्यांवर टांगून वाळवलेले मी आयुष्यभर पाहत आलेय. हे मी यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, "मग बोंबीलच वाळवायचेस. खाता तरी आले असते."

पावसाळा संपला, हवा कोरडी झाली आणि मी तिसरी तोडणी केली. वरची छोटी खोली लेकीची होती. ती लग्न होऊन वापीला गेल्यापासून तिथे इस्त्रीचे कपडे आणि सुटकेसेस असतात. खिडकीला मी काळा कार्डशीट लावला. भिंतीकडे तोंड करून टेबलफॅन ठेवला, तो दिवसभर घुर्र घुर्र करायचा. खोलीभर दोऱ्या बांधल्या आणि जुड्या टांगल्या. पहिल्यांदा त्या सुतळीने बांधल्या होत्या. फांद्या सुकताना बारीक होतात हे व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. गाठी सैल झाल्या आणि हे शर्ट आणायला वर गेले तेव्हा एक जुडी यांच्या टकलावर पडली. यांनी ती उचलली, परत अडकवली आणि खाली येऊन म्हणाले, "मी आता इस्त्री नसलेला शर्ट घालतो." त्यानंतर मी रबरबँड लावले. फांदी आकसली की रबरही आकसतो. हा शोध मी चार जणांना फोन करून सांगितला.

आणि साधलं हो! पानं हिरवीच राहिली, वास शाबूत राहिला, फांदी कटकन मोडली. त्या आवाजाने मला जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या वर्गाचा निकाल लागल्यावरही कधी झाला नव्हता. चांगली पानं बरण्यांत गेली. मोडलेली तेलाला. चुरा आंघोळीच्या पाण्यात. काही पानं तांदळाच्या डब्यात, कीड लागू नये म्हणून. काड्या संध्याकाळी डासांसाठी धुरीला. उरलेल्या बारीक पाल्याची मी उशी भरली आणि ती यांच्या डोक्याखाली ठेवली.

"घरात आता निर्गुडी नाही अशी एकच जागा उरलीय," हे म्हणाले. "चहाचा डबा. तेवढा सोड."

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण यश मिळालं की ते कुणाला तरी दाखवावं लागतं. मी वरच्या खोलीचा दिवा लावला, नव्या तोडणीच्या उलट्या टांगलेल्या जुड्यांचा फोटो काढला, त्याखाली बरण्यांचा काढला आणि आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. शब्द माझेच होते आणि आजही मला ते पाठ आहेत, कारण नंतर ते माझ्यासमोर मोठ्याने वाचले गेले:

'घरचं पीक! बंद खोलीत, अंधारात सुकवलेलं. एकही पान वाया नाही. धुरी घ्या किंवा तेल लावा, सगळी दुखणी विसराल. हवं असल्यास खासगीत संपर्क साधावा.'

निर्गुडी हा शब्द मी लिहिलाच नव्हता. फोटोत दिसतेच आहे की, असं मला वाटलं होतं.

ग्रुपवर अंगठे आले, हात जोडलेले आले. मग कुणीतरी तो फोटो दुसऱ्या ग्रुपवर टाकला, तिथून तिसऱ्या. कुणी टाकला ते मला कधी कळलं नाही, आणि विचारायला माझ्याकडे तोंडही नव्हतं.

रविवारी सकाळी मी बेसनाच्या पोळ्या करत होते. दारात जीप थांबली. एक तरुण साहेब, एक हवालदार आणि एक महिला पोलीस उतरले. हे पेपर घेऊन पडवीत बसले होते. त्यांनी चष्मा वर केला आणि मला हाक मारली, "अगं, तुझं गिऱ्हाईक आलंय."

यांची चूक नाही. दोन दिवसांत सहा जण पाला मागायला येऊन गेले होते आणि पोलिसांनाही गुडघे असतात. मीही तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आले आणि म्हणाले, "या, या. तेल हवंय की पाला?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेबांनी खिशातून मोबाईल काढला.

"मॅडम, हा मेसेज तुमचा?"

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. 'बंद खोलीत, अंधारात' इथपर्यंत मी मान डोलावत होते. 'धुरी घ्या' आलं तेव्हा मान थांबली. 'सगळी दुखणी विसराल' ला यांचा पेपर हळूच खाली आला. 'खासगीत संपर्क साधावा' हे त्यांनी इतक्या सावकाश वाचलं की मला माझ्याच मराठीची भीती वाटली.

"अहो, ती निर्गुडी आहे!" मी म्हणाले.

"असेल मॅडम. पण फोटो बऱ्याच ठिकाणी फिरलाय. पानं गांजाच्या झाडासारखी दिसतात. बघणं आम्हाला भाग आहे. खोली दाखवता?"

मी पुढे, ते तिघे मागे, त्यांच्या मागे हे. जिन्याने चढताना गुडघा दुखत होता, पण मी लंगडले नाही. औषध विकणारी बाईच लंगडतेय असं दिसायला नको, हे त्याही वेळी माझ्या डोक्यात होतं. मी काही विकत नव्हते हे मात्र डोक्यात आलं नाही.

दार उघडलं. अंधार, पंख्याची घुरघुर, वासाचा लोट. हवालदार शिंकला. दिवा लावल्यावर साहेब बराच वेळ वर बघत राहिले. एखाद्या पिक्चरमधली धाड असावी तशी ती खोली मला पहिल्यांदाच दिसली. काळा कागद, दोऱ्या, बरण्या, त्यांवर माझ्या वळणदार अक्षरातल्या चिठ्ठ्या: 'उत्तम', 'मध्यम', 'किरकोळ'.

महिला पोलिसाने एक पान चुरडून नाकाशी नेलं आणि म्हणाली, "साहेब, हे ते नाही."

"मलाही वासावरून नाही वाटत," साहेब म्हणाले. "पण विचारणा झालीय, तर एक नमुना घेऊन जातो. म्हणजे विषय संपेल." आणि त्यांनी हात वर करून मधली, सगळ्यात भरलेली जुडी धरली.

कुणाही शहाण्या माणसाने ती काढून दिली असती. वर दोन जुड्या पिशवीत घालून दिल्या असत्या.

"ती नको," मी म्हणाले.

साहेबांचा हात तसाच राहिला. "का?"

"ती अजून अर्धी ओली आहे. तुम्ही पिशवीत घालणार, कुठेतरी ठेवणार, आणि ती कुजणार. वाया जाईल. तुम्ही 'किरकोळ'मधलं घ्या ना."

"मॅडम, नमुना चांगलाच घ्यायचा असतो."

"मग निदान तुमच्याकडे टांगून तरी ठेवा. उलटी. आणि पंखा थेट लावू नका."

मागे हे खाकरले. तेहतीस वर्षांच्या संसारात मला त्या खाकरण्याचा अर्थ कळतो. पण मी सुटले होते. दव, रबरबँड, फांदीचा कटकन आवाज, बरण्यांची झाकणं, सगळं मी त्या तिघांना सांगितलं. महिला पोलीस भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, तिचे खांदे हलत होते. साहेब मात्र शेवटपर्यंत ऐकत राहिले. त्यांची आई शिक्षिका असावी असा माझा अंदाज आहे.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. जीप बघून बेन धावत आल्या होत्या, हातात झारा तसाच. त्यांनी खोलीत डोकावून पाहिलं आणि माझ्या बचावाला ओरडल्या, "साहेब, आ तो नगोड छे! नगोड!"

नगोड हे निर्गुडीचं गुजराती नाव. साहेब घाटावरचे, डहाणूला नवीन. त्यांचा चेहरा एकदम कडक झाला.

"नगद? म्हणजे तुम्ही हे रोखीने विकता?"

"अरे ना ना, नगद नाय, नगोड! टीचर बद्धाने मफत आपे छे!"

"काय आपते?"

सगळ्यांना फुकट देते, एवढंच बेनना म्हणायचं होतं. मग हे पुढे झाले. नोकरीत फलाटावरच्या भांडणांत पडून लोकांना शांत करण्याची त्यांना सवय आहे. "साहेब," ते म्हणाले, "हिच्या पाल्याची उशी माझ्या डोक्याखाली महिनाभर आहे. त्याने नशा येत असती तर मी एवढा त्रासलो असतो का?"

हवालदार हसला, मग महिला पोलीस, मग साहेब. मी सगळ्यात शेवटी हसले, कारण विनोद मला थोडा उशिरा कळला आणि कळल्यावर आवडला नाही. साहेबांनी 'किरकोळ'मधली मूठभर पानं कागदात बांधून घेतली. खाली सगळ्यांना बेसनाच्या पोळ्या वाढल्या. निघताना ते एवढंच म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी झाडाचं नाव आधी लिहा."

सोमवारी शाळेत गेले तर बातमी माझ्या आधी पोचली होती. शिक्षकांच्या खोलीत शिरताच सगळे एकदम बोलायला लागले. मुख्याध्यापकांनी मला बोलावून खुर्ची दिली. "मॅडम, मला काही म्हणायचं नाही," ते म्हणाले आणि पुढे बराच वेळ म्हणत राहिले. नववीच्या वर्गात मी फळ्यावर 'भारतातील प्रमुख पिके' लिहिलं आणि मागच्या बाकांवरून असं खोकणं सुरू झालं की साथ आली की काय वाटावं. मी धडा बदलला. वाळवंटं शिकवली.

त्या आठवड्यात मी वरच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही. दार दिसलं तरी मला साहेबांचा वर धरलेला हात आठवायचा. आणि बरण्यांची झाकणं रोज उघडायची असतात, हे ज्या बाईने तीन पोलिसांना तोंडपाठ सांगितलं होतं, तीच विसरली. जेव्हा गेले तेव्हा 'उत्तम'च्या मोठ्या बरणीच्या काचेला आतून दव आलं होतं. झाकण काढलं. पानांवर पांढरी बुरशी पसरली होती, एखाद्या पिठासारखी. एवढी निवडलेली, एवढी जपलेली पानं.

मी तिथेच सुटकेसवर बसले आणि रडले. पोलीस आले तेव्हा नाही रडले, शाळेत मुलं खोकली तेव्हा नाही, आणि बुरशीवर रडले. हे वर आले. काही थट्टा करतील म्हणून मी तयार होते. त्यांनी बरणी उचलली, हुंगली, तोंड वाकडं केलं आणि खाली नेली. खिडकीचा कागद बाजूला करून मी पाहिलं. ते निर्गुडीपाशी गेले नाहीत. त्यांच्या रुसलेल्या चिकूच्या कलमाभोवती आळं उकरून त्यांनी तो सगळा पाला त्यात पुरला, वर माती ओढली आणि बरणी नळाखाली धरून स्वच्छ घासली.

"वाया नाही गेलं," वर येऊन ते म्हणाले. "माझ्या झाडाने खाल्लं."

माझ्या निर्गुडीने इतकी वर्षं त्यांच्या चिकूचं ऊन अडवलं होतं, हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं. त्या संध्याकाळी मी कात्री घेऊन चिकूच्या बाजूच्या फांद्या छाटल्या. आणि छाटलेल्या फांद्या, अर्थातच, टांगल्या.

गुडघ्याचं विचाराल तर तेल लावलं की रात्री बरं वाटतं आणि सकाळी एसटीची पायरी आहे तिथेच असते. वैद्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट अजून बाकी आहे.

त्या साहेबांशी मात्र ओळख राहिली. मध्यंतरी त्यांनी मला एक फोटो पाठवला. विवळवेढ्याकडे कुणाच्या तरी शेताच्या कडेला उगवलेलं झाड, हातासारखी पानं, खाली प्रश्न: 'मॅडम, हे काय असावं?' मी फोटो मोठा करून पाहिला, यांना दाखवला, बेनना दाखवला. अंबाडी होती, आपली भाजीची अंबाडी. मी लगेच कळवलं. पानं कशी ओळखायची ते लिहिलं, फुलाचा रंग लिहिला, भाजीत लसणाची फोडणी आणि तांदळाच्या कण्या कशा घालायच्या ते लिहिलं, देठं टाकू नका, त्यांची चटणी होते, हेही लिहिलं. मेसेज इतका लांब झाला की तो दोन तुकड्यांत गेला.

त्यांचा एक अंगठा आला. तोही पहिल्या तुकड्याला; चटणी दुसऱ्यात होती.